कडक भाकरीची गाडी

रामहरी गवसाने यांनी मोटारसायकलला पेट्या बसवायचं ठरवलं ते गुरुवारी संध्याकाळी, आणि शुक्रवारी सकाळी नळाला पाणी येईपर्यंत भवानी पेठेतल्या त्यांच्या गल्लीत ही गोष्ट ठाऊक नसलेलं माणूस उरलं नव्हतं. गवसान्यांनी ती कुणालाही सांगितली नव्हती. ते फक्त हातात टेप घेऊन गाडीच्या मागच्या बाजूची रुंदी मोजत उभे होते. पण आपल्याकडे भर रस्त्यात दोन माणसं भांडत असली तर लोक एक नजर टाकून कामाला जातात, आणि एखादा माणूस गप्प उभा राहून काहीतरी मोजायला लागला तर मात्र कामधंदा सोडून थांबतात.

"जागेचा वाद हाय का री?" समोरच्या गुरुबसप्पांनी गॅलरीतून विचारलं.

"नाही हो. गाडी मोजतोय."

"इकायची हाय?"

"पेट्या बसवायच्यात. दोन्ही बाजूला. भाकरीसाठी."

हे ऐकल्यावर गुरुबसप्पा चपला घालून खाली उतरले. त्यांची तीस वर्षं होटगी जंक्शनला मालगाड्यांमध्ये गेली होती, आणि चाकावर ठेवलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल बोलायचा पहिला हक्क आपला, असं ते धरूनच चालत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि "स्प्रिंगा बदलाव्या लागतील" असा पहिला सल्ला दिला. पुढचे पंधरा दिवस हा ओघ थांबला नाही.

भाकरी म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची, पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग मंद विस्तवावर इतकी वाळवलेली की महिनाभर टिकते, आणि धक्का लागला तर क्षणभर टिकत नाही. गवसान्यांच्या मिसेस, गिरिजाबाई, या भाकऱ्या करत. गल्लीतली चार घरं आणि जवळच्या दोन खानावळी एवढाच त्यांचा व्याप होता. पण आता वळसंगच्या काशम्मांनी नातवाच्या बारशाला दोनशे कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी सांगितली होती. शहराबाहेरची ही पहिलीच मागणी, आणि काशम्मा म्हणजे अशी बाई की तिनं नाव घेतलं तर ते अक्कलकोटापर्यंत जातं आणि नाव ठेवलं तर त्याच्याही पुढे जातं. भाकऱ्या न्यायला रिक्षा सांगू, असं गिरिजाबाई म्हणाल्या, आणि तिथंच सगळं बिनसलं.

"घरात गाडी असताना रिक्षा?" गवसाने म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

लोक काहीच म्हणाले नसते. पण गवसाने पतसंस्थेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त होऊन सात महिने झाले होते, आणि या सात महिन्यांत घरातल्या प्रत्येक कामावरून त्यांना गोड बोलून बाजूला करण्यात आलं होतं. पीठ चाळायला बसले तर ते वर्तमानपत्र वाचत चाळत आणि अर्धं पीठ बातम्यांवर पडे. भाकऱ्या बांधायला घेतल्या तर दहातल्या तीन मोडत. पतसंस्थेत घंटा वाजवली की माणूस धावत येई, इथं ते स्वतःच घंटा वाजल्यासारखे दर वेळी उठत आणि गिरिजाबाई म्हणत, "राहू द्या, मी करते." ही पेटी जमली नाही, तर आपण या घरात फक्त जेवायला असतो, असं त्यांना आतून वाटायला लागलं होतं. हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. त्याऐवजी ते टेप घेऊन गाडी मोजायला गेले.

पेट्या करायचं काम फकीरभाईंकडे दिलं. मागच्या बोळात त्यांचं वेल्डिंगचं दुकान. नमुना म्हणून गवसाने एक भाकरी फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. "ही आत आडवी बसली पाहिजे," त्यांनी बजावलं. फकीरभाईंनी मान डोलावली, भाकरी खिळ्यांच्या डब्यावर ठेवली, आणि दुपारी गवसाने चौकशीला आले तेव्हा भाकरी जागेवर नव्हती.

"जेवलो की काका," फकीरभाई म्हणाले. "लई भारी होती. चटणी असती तर अजून मजा आली असती."

"अहो, तो नमुना होता!"

"हौ ना. माप ध्यानात हाय माझ्या."

दुसऱ्या दिवशी गवसान्यांनी दुसरा नमुना नेला, आणि चटणी चुकूनसुद्धा नेली नाही. तोही दुपारपर्यंत टिकला नाही. शेवटी फकीरभाईंनी पेट्या आठवणीवरून केल्या, आणि भूक लागलेल्या माणसाच्या आठवणीत भाकरी जरा मोठीच असते, त्यामुळे पेट्या चार बोटं वाढल्या. पत्र्याच्या, पांढऱ्या रंगाच्या, गाडीच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या. फकीरभाईंनी त्या गाडीला अशा पक्क्या जोडल्या की "काका, गाडी तुटंल, पन हे तुटनार न्हाई," असं ते अभिमानानं म्हणाले.

आता इथं दुसरा कुणी असता तर किक मारून घरी गेला असता. पण गवसान्यांनी बत्तीस वर्षं नियमाप्रमाणे काम केलं होतं. गाडीत बदल केला म्हणजे परवानगी हवी, असं त्यांना वाटलं. ते सविनय अर्ज, तीन प्रतींत, सोबत पेटीचं आकृतीचित्र असं सगळं घेऊन वाहनांच्या सरकारी कचेरीत गेले आणि दीड तास रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज एकदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"काका, तुम्हाला पोलिसांनी पकडलं का?"

"नाही."

"नोटीस आली?"

"नाही."

"मग आलात कशाला?"

"परवानगी घ्यायला," गवसाने म्हणाले.

बाईंनी पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून बोलावलं, आणि त्यानंही गवसान्यांकडे जरा वेळ निरखून पाहिलं. पण बाई स्वभावानं चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. "तुम्ही आपण होऊन विचारलंत म्हणून सांगावं लागतंय. वेल्डिंग मारून कायमचं जोडलं की तो गाडीतला बदल झाला, तो चालणार नाही. नटबोल्टानं काढता-घालता येतं ते सामान. सामान म्हणून लावा, आणि फार बाहेर येऊ देऊ नका. आणि काका, आता आणखी कुठं विचारायला जाऊ नका."

गवसाने तसेच फकीरभाईंकडे परत आले. फकीरभाई आपल्याच कामाकडे बघत चहा पीत बसले होते.

"हे कापा," गवसाने म्हणाले.

"काय कापू?"

"वेल्डिंग. नटबोल्ट लावा. पाना फिरवला की पेटी हातात आली पाहिजे."

फकीरभाईंनी कप खाली ठेवला. "काका, कायकू विचाराया गेले तुमी?" ते इतक्या कळवळून म्हणाले की गवसान्यांना क्षणभर आपणच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटलं.

नटबोल्ट लागले. पेट्या घेऊन गाडी गल्लीत आली तेव्हा गुरुबसप्पा, फकीरभाई, स्वतः गवसाने आणि कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले असे चौघं भोवती उभे होते. गिरिजाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पेट्या बघितल्या, झाकण उघडून आत बघितलं, डावीकडून उजवीकडे गेल्या आणि शांतपणे विचारलं, "आणि मी कुठं बसू?"

चौघांनी गाडीकडे नीट पाहिलं. डावीकडची पेटी बसवण्यासाठी पाय ठेवायची दांडी काढली होती, साडीची जाळी काढली होती, आणि उरलेल्या जागेत पेटीच होती. आठवडाभर चार कर्त्या पुरुषांनी स्प्रिंगांचा, पत्र्याचा, रंगाचा आणि कायद्याचा विचार केला होता, पण लग्नाला एकतीस वर्षं झालेली बाई या गाडीवर कुठं बसते हा मुद्दाच निघाला नव्हता. फकीरभाई एकदम आठवण झाल्यासारखे दुकानाकडे निघून गेले.

"तू आपली एसटीनं ये," गवसाने अखेर म्हणाले. "चटणीचं पातेलं घेऊन. आरामात बसून येशील."

गिरिजाबाई आत वळल्या. दारात मात्र थांबल्या. "तुमचा जीव गुंतलाय यात म्हणून मी गप्प बसते," त्या म्हणाल्या. "पण भाकऱ्या माझ्या हायेत. काशम्मांच्या दारात माझी फजिती झाली, तर मला पुन्हा कोणी विचारणार नाही. एवढं ध्यानात ठेवा."

गवसान्यांनी ते इतकं ध्यानात ठेवलं की दुसऱ्याच दिवशी चाचण्या सुरू केल्या. आदल्या दिवशीच्या बारा भाकऱ्या पेटीत घालून होटगी रस्त्यानं एक फेरी मारली. सात मोडल्या. गुरुबसप्पांच्या सल्ल्यानं जुन्या गादीतला फोम कापून आत लावला, तीन मोडल्या. फोमवरून चादरीचं अस्तर शिवलं, एक मोडली. त्या आठवड्यात गवसान्यांच्या घरी दोन्ही वेळा भाकरीचा चुरा आणि दही हेच जेवण होतं. दरम्यान गल्लीला पेट्यांची सवय लागली. गाडी रिकामीच जातेय म्हणून कुणी ज्वारीची पिशवी गिरणीत टाकायला दिली, कुणी पाण्याचा जार दिला, कुणी दुरुस्तीचा मिक्सर दिला. एकदा तर इस्त्रीवाल्यांनी कुणाच्या तरी लग्नाचा फेटा पोचवायला दिला. ज्या माणसाच्या सहीशिवाय पतसंस्थेचं कपाट उघडत नव्हतं, तो माणूस आता दारोदार हॉर्न वाजवत "मिक्सर कुणाचा?" म्हणून विचारत फिरू लागला. याचं गवसान्यांना वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटायचंही, पण सकाळी उठल्यावर कुठंतरी जायचं आहे याचं बरं जास्त वाटायचं.

शेवटची सुधारणा खालच्या मजल्यावरच्या रेश्मानं सुचवली. "काका, रस्त्याची सगळी धूळ आत जाईल की. झाकणाला रबर लावा ना, आमच्या जुन्या फ्रीजच्या दाराचं देते." फ्रीजचं रबर लागलं. झाकण सोडलं की आपोआप ओढलं जाऊन ठप्पकन बसे. गवसाने ते झाकण उगीचच वीसदा उघडून लावून बघायचे. शेवटच्या चाचणीत बारापैकी बारा भाकऱ्या शाबूत निघाल्या, धुळीचा कण नाही. गवसाने त्या रात्री शांत झोपले.

बारशाच्या दिवशी मे महिन्याचं ऊन सकाळी सातलाच डोक्यावर आलं होतं. दीडशे भाकऱ्या आदल्या दिवशीच झाल्या होत्या. शेवटच्या पन्नास गिरिजाबाईंनी पहाटे उठून केल्या. चटणीचं पातेलं घेऊन एसटी पकडायला निघताना त्यांनी सांगितलं, "ह्या पन्नास टोपलीत उघड्या ठेवल्यात. पार गार होऊ द्या. दहाच्या आत हात लावायचा नाही, मग भरा आणि निघा. जेवणं दीडला हायेत, घाई काही नाही."

हे सगळं गवसान्यांना पाठ होतं. पण आठ वाजता गुरुबसप्पा आले.

"अजून निघाला न्हाई व्हय री? दहाला निघाला तर डांबर इतळतंय. टायर फुटला मंजे? रेल्वेत आमी उन्हाळ्यात माल सकाळच्या पारीच काढायचो."

टायर फुटला म्हणजे, हे शब्द गवसान्यांच्या मनात शिरले आणि बाहेर पडेनात. त्यांनी टोपलीतल्या भाकरीला हात लावून पाहिला. कोमट होती. उलट बरंच आहे, त्यांना वाटलं. पाहुण्यांना जरा गरम भाकरी मिळेल, काशम्मा खूश होतील. साडेआठ वाजता त्यांनी दोन्ही पेट्या भरल्या. वजन सारखं राहावं म्हणून पंचवीस ताज्या इकडे, पंचवीस तिकडे, तळाला, आणि वर जुन्या. झाकणं सोडली. ठप्प, ठप्प. गल्लीनं हात हलवले, गुरुबसप्पांनी तर तोंडानं शिट्टीच दिली.

वळसंगपर्यंतच्या रस्त्यात गवसाने किती हळू गेले हे सांगण्यात अर्थ नाही. एवढंच की एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला, पुढच्या टपरीवर चहा प्याला आणि पुन्हा एकदा मागे टाकून गेला. प्रत्येक गतिरोधकावर ते गाडी जवळजवळ उभी करत, दोन्ही पाय टेकत, आणि पेशंट पलंगावरून उतरवावा तसं चाक खाली उतरवत. एके ठिकाणी लग्नाच्या जीपमधल्या मंडळींनी त्यांना हात केला. अपघात वगैरे झाला की काय म्हणून ते थांबले.

"आठ कुल्फ्या द्या," जीपमधला फेटेवाला म्हणाला.

"कुल्फी नाही," गवसाने म्हणाले.

"मग काय, आइस्क्रीम हाय?"

"भाकरी आहे."

फेटेवाल्यानं पांढऱ्या पेट्यांकडे, फ्रीजच्या रबराकडे आणि मग गवसान्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. "द्यायची नसंल तर न्हाई म्हणावं की सरळ," तो रागानं म्हणाला आणि जीप निघून गेली. गवसान्यांना ते लागलं, पण त्यांनी मन घट्ट केलं. उजवीकडची पेटी सायलेन्सरच्या वर होती आणि पत्रा चांगलाच तापला होता, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

वळसंगला काशम्मांच्या दारात मांडव घातला होता. गिरिजाबाई केव्हाच पोचल्या होत्या आणि बायकांत बसून कांदा चिरत होत्या. गवसान्यांनी गाडी मांडवाच्या तोंडाशीच उभी केली. चार बायका, दोन म्हातारे भोवती जमले. काशम्मा पुढे आल्या. साठी ओलांडलेल्या, ठसठशीत कुंकू, आवाज मांडवाच्या पलीकडे जाणारा.

"एक मोडली असेल तर सांगा," गवसाने म्हणाले आणि झाकण उघडलं.

आतून वाफ आली. त्यांचा चष्मा एकदम पांढरा झाला, म्हणून पुढचं त्यांना दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. खरं तर ऐकूही काही आलं नाही, आणि तेच वाईट होतं. चष्मा पुसून बघतात तर काशम्मांच्या हातात एक भाकरी होती, अखंड, सुरेख, आणि त्यांनी तिची दुहेरी घडी घातली होती. मग चौघडी घातली.

"ही काय री?" काशम्मा म्हणाल्या. "चपाती हाय व्हय?"

दुसरी काढली, ती रुमालासारखी लोंबली. डावीकडची पेटी उघडली, तिथंही तेच. दोनशेच्या दोनशे भाकऱ्यांना घाम फुटला होता. एकही मोडली नव्हती, कारण मोडण्याइतकी कडक एकही उरली नव्हती. गाणगापूरकडचे पाहुणे तासाभरात येणार होते आणि काशम्मांनी त्यांना महिनाभर आधी कडक भाकरीचं बोलून ठेवलं होतं.

गवसान्यांनी गिरिजाबाईंकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं त्या चिडतील. त्या चिडल्या नव्हत्या. हातातला कांदा तसाच धरून, सगळ्या बायकांसमोर मान खाली घालून त्या उभ्या होत्या. लग्न झाल्यापासून गवसान्यांनी या बाईला कुणापुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं.

"चूक माझी आहे," ते एकदम मोठ्यानं म्हणाले. "हिनं दहा वाजता भरा म्हणून सांगितलं होतं. मी गरम असतानाच भरल्या. हिच्या हातात काही कमी नाही."

पतसंस्थेत बत्तीस वर्षांत गवसान्यांनी असं वाक्य उच्चारलं नव्हतं; तिथं चूक नेहमी मशीनची असे.

गिरिजाबाईंनी मान वर केली. गवसान्यांकडे न बघता त्यांनी वर आभाळाकडे बघितलं, मग स्लॅबकडे. "काशम्मा, वरची गच्ची झाडलेली हाय का?"

"हाय की. कालच कुरडया वाळवल्यात."

"चादरी द्या चार-पाच. आणि परसातली चूल पेटवून ठेवा, निखारा करून. दीड वाजता भाकरी ताटात पडंल."

पाच मिनिटांत वळसंगच्या त्या गच्चीवर सोलापुरी चादरी पसरल्या आणि त्यांवर दोनशे भाकऱ्या. ऊन असं होतं की चपलेतून चटका लागत होता. सारख्या उलटाव्या लागणार होत्या, नाही तर कडा वाकड्या झाल्या असत्या; आणि कावळे सांभाळावे लागणार होते. बायकांना खाली स्वयंपाक होता, पाळणा सजवायचा होता. कोण बसणार, असं कुणी विचारायच्या आत गवसान्यांनी शर्ट काढून कठड्यावर ठेवला, टॉवेल पाण्यात बुडवून डोक्याला गुंडाळला आणि ते उकिडवे बसले.

एका टोकाकडून सुरुवात करून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या भाकऱ्या पुन्हा उलटायला आलेल्या असत. खाली पाळण्याची गाणी सुरू झाली. पाहुणे येऊ लागले. गवसान्यांनी कठड्यावरून हळूच डोकावलं. मांडवात पुढच्या खुर्चीवर कल्लप्पा बसला होता, पतसंस्थेतला त्यांचा शिपाई. काशम्मांचा कोणी भाचा निघाला. बत्तीस वर्षं ज्यानं त्यांची बॅग धरली, त्यानं त्यांना बनियनवर, डोक्याला टॉवेल बांधून बघावं हे गवसान्यांना सोसणारं नव्हतं. ते पाण्याच्या टाकीआड सरकले. तिथून हात लांब करून भाकऱ्या उलटता येत होत्या. बेत चांगला होता. फक्त कावळ्याला तो माहीत नव्हता.

कावळा उतरला, त्यानं एक भाकरी चोचीत धरली आणि उडाला. गवसाने टाकीआडून "हाऽऽड! हाऽऽड!" असं ओरडत, दोन्ही हात उडवत गच्चीच्या काठापर्यंत धावले. खालचा सगळा मांडव वर बघू लागला. गाणं थांबलं.

"साहेब?" कल्लप्पा उठून उभा राहिला. "तुमी हितं?"

आता लपायला काही उरलंच नव्हतं. "भाकऱ्या वाळवतोय," गवसाने वरून म्हणाले.

कल्लप्पा जिना चढून वर आला. त्यानं चादरी बघितल्या, साहेबांचे लाल झालेले खांदे बघितले. बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "सरका साहेब, टाकीकडच्या रांगा मी बघतो. तुमी जरा सावलीत बसा."

"नको," गवसाने म्हणाले. "तू कावळे बघ."

एक वाजता गिरिजाबाई वर आल्या. एक भाकरी उचलून त्यांनी कानाजवळ नेली, बोटानं टिचकी मारली आणि टोपलीत टाकली. मग दुसरी. खाली निखाऱ्यावर प्रत्येकीला एकेक शेक देऊन टोपल्या पंगतीत गेल्या. गवसाने खाली गेले नाहीत. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर कान देऊन बसले. ताटं वाढली गेली, कुणीतरी श्लोक म्हटला, आणि मग आवाज आला. कट. मग दुसरा, मग पंचवीस-तीस एकदम, सगळ्या पंगतीभर भाकऱ्या मोडू लागल्या. इतके दिवस ज्या आवाजाला ते घाबरत होते, तो ऐकून गवसान्यांचे डोळे भरून आले. त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं आणि कल्लप्पाला सांगितलं की घाम फार येतोय.

जेवणं उरकल्यावर काशम्मांनी त्यांना बोलावून घेतलं. शाबासकी वगैरे काही दिली नाही. "एकशे नव्याण्णव मिळाल्या," त्या म्हणाल्या. "एक कावळ्यानं नेली ती म्या बघितली, तिचं काय न्हाई. पुढच्या म्हैन्यात माझ्या भनीकडं अक्कलकोटात जावळ हाय. गिरिजाला सांगितलंय म्या." मग त्या गाडीकडे वळल्या. कुणाचंही भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही त्या घरची रीत. पण भांडं एवढं मोठं असेल असा अंदाज त्यांनाही नव्हता. अर्धं पोतं ज्वारी ओतली तेव्हा कुठं उजवीकडची पेटी भरली, आणि काशम्मा डावीकडच्या पेटीकडे जरा चिंतेनंच बघू लागल्या.

गवसाने गिरिजाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "ऐक. अक्कलकोटाला रिक्षाच सांगू. मी उगाच हट्ट धरला."

गिरिजाबाई गाडीजवळ गेल्या, डावीकडच्या पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "पाना हाय का? ही काढा."

गवसान्यांनी सीटखालचा पाना काढला. चारही नट त्यांनी एकेक करून सोडवले. फोम, अस्तर, रबर, पंधरा दिवस, सगळं त्यांच्या हातात आलं, आणि ते त्यांनी जमिनीवर ठेवलं. ठीकच आहे, त्यांना वाटलं. बाईचा धंदा आहे, तिनंच ठरवायचं. उजवीकडची पेटीही सोडवायला ते वळले.

"ती कशाला काढताय?" गिरिजाबाई म्हणाल्या. "ती राहू द्या. शंभर भाकऱ्यांना ती पुरते, दोन खेपा करू."

"मग ही पेटी?"

"ही काशम्मांना द्या. हवा लागत नाही आत, पापडाला लई चांगली."

काशम्मांचा चेहरा उजळला. पेटी भरण्यातून त्या सुटल्या होत्या आणि वर पेटीही मिळाली होती. मोकळ्या झालेल्या जागेकडे गवसाने अजून न कळून बघत होते.

"रिक्षावाल्यानं माल उतरवला असता आणि निघून गेला असता," गिरिजाबाई पदर खोचत म्हणाल्या. "दोन तास उन्हात कोण बसलं असतं? पण भरायच्या कधी ते इथून पुढं मी सांगणार, गुरुबसप्पा नाही. आणि मी एसटीनं येणार नाही. पातेलं मांडीवर घेऊन तिथं कोंबून यायचं, आणि सगळा रस्ता तुम्ही कुठं पोचलात याचा घोर. बसा आता."

गवसाने बसले. गिरिजाबाई मागे, पेटीच्या मोकळ्या झालेल्या बाजूला पाय सोडून बसल्या, पाय ठेवायला दांडी नव्हती म्हणून एक पाय दुसऱ्यावर टाकला, रिकामं पातेलं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या खांद्याला धरलं. खांदा भाजला होता, तरी ते हलले नाहीत.

"चला," त्या म्हणाल्या. "वाटेत फकीरभाईंकडं थांबा, ती दांडी लावून घेऊ. आणि ही ज्वारी तशीच गिरणीत टाकू. उद्या खानावळीच्या साठ भाकऱ्या पोचवायच्यात आपल्याला."

आपल्याला, असं त्या म्हणाल्या. गवसान्यांना फार बरं वाटलं, आणि त्यांनी किक मारली.